दोनदाच विचारायचं

मंगळवार, ४ नोव्हेंबर

दुपारी चार वाजून दहा मिनिटांनी, माझ्या घरात, मी बाहेर असताना, माझ्या ‘नाही’वर कुणीतरी ‘हो’ म्हटलं आहे. वेळ मी अंदाजाने लिहीत नाही. फोनच सांगतो — मायक्रोफोन वापरला, ४.१०.

औषधांच्या दुकानातून परतले तेव्हा साडेचार व्हायला आले होते. ताईच्या खोलीत पाय ठेवला आणि थबकले. पलंगाच्या कडेला जो फोन ठेवला आहे त्याच्या कोपऱ्यात हिरवा ठिपका. मोहरीएवढा. तो दिसला की फोन ऐकतो आहे असं समजायचं, हे मला भाचीने पहिल्याच दिवशी पढवलंय. पायातल्या चपलासुद्धा काढल्या नव्हत्या. खोलीत ताई, वर पंखा, आणि ऐकणारं कुणीतरी!

“कोण आहे?” म्हणून ओरडले. मूर्खासारखी. कोण असणार?

दिवसाची बाई गच्चीवर कपडे काढत होती. मी तिला मनात सावकाश म्हणते. तिच्याइतकी सावकाश कपडे काढणारी बाई पाहिली नाही, काढेपर्यंत परत मळतील. विचारलं तर म्हणते, “मी कशाला हात लावू त्याला? मला माझाच उचलायचा कंटाळा.” हे मात्र खरं असावं.

चारची कूस तिने चुकवलीच होती. ताई दोन वाजल्यापासून उताणीच. डावा हात चादरीवरून पार कडेला घसरलेला. तो उचलून पोटावर ठेवला, “ताई, तुला कुशीवर वळवते आहे हं” म्हटलं, वळवलं. मग फोनचं ऐकणं बंद केलं.

हे सगळं लिहून ठेवते आहे. उद्या कुणी म्हणायला नको की म्हातारी बरळते.

बुधवार, ५ नोव्हेंबर

भाचीला — म्हणजे ताईच्या लेकीला, आमच्या भिंगरीला — सकाळीच धारेवर धरलं. हे अ‍ॅप तिच्या ऑफिसचं. अंथरुणाला खिळलेल्यांसाठी. वर मोठं हिरवं बटण, त्यावर ‘बोला’. दाबलं की बोलणं टिपलं जातं आणि घरच्यांकडे पोचतं. कुणी थांबवलं नाही तर वीस मिनिटांनी आपोआप थांबतं. अजून बाजारात आलेलं नाही. पहिली चाचणी कुणावर? स्वतःच्या आईवर. ताईला गेल्या वर्षी मेंदूचा झटका आला तेव्हापासून ती बोलत नाही, हलत नाही, डोळे उघडे असतात एवढंच. तिला ‘बोला’! पण लेक दूरच्या शहरात, तिचं मन रमतं म्हणून मी फोन ठेवू दिला. गादीच्या पातळीला, उतरत्या लाकडी स्टँडवर. पडदा विझत नाही.

मी यात कशी आले? भिंगरी म्हणाली, “मावशी, आमचं अ‍ॅप लोकांना परवानगी मागतं ना, आवाजाची, कॅमेऱ्याची, ती मागताना का मागतोय ते सांगावं लागतं. आमच्या पोरांनी लिहिलेलं वाचून मलाच नाही म्हणावंसं वाटतं. तू लिही.” का, तर मी वॉर्डवर मेट्रन होते. आमच्या वॉर्डवर रीत होती: आधी सांगायचं, मग हात लावायचा. रुग्ण शुद्धीत असो, बेशुद्ध असो, गेलेला असो. गेलेल्यालाही सांगून पुसायचं. शिकाऊ मुली तोंडावर हात ठेवून हसायच्या. हसू देत. मला ते कॉन्व्हेंटात शिकवलेलं. सिस्टर दारावर टकटक करून थांबायला लावत. आतून ‘ये’ आलं नाही तर परत फिरायचं. आत कुणी नाही असं वाटलं तरी. तेव्हा तर नक्कीच!

तर वाक्यं माझी आहेत. मी भिंगरीला बजावलं होतं, दारातच सगळं मागू नका. आधी कॅमेरा द्या, आवाज द्या, पत्ता द्या — ही काय जकात आहे? ज्याची गरज ज्या क्षणी, ते त्या क्षणी मागा. आवाजासाठी मी लिहिलं: ‘तुम्ही बोला दाबलंत. तुमचं बोलणं घरी पोचवायचं तर मला ऐकावं लागेल. ऐकू?’ खाली तीन उत्तरं. अ‍ॅप वापरताना. फक्त या वेळी. नाही.

सोमवारी मी स्वतः दाबून पाहिलं आणि ‘नाही’ म्हटलं. आमच्या खोलीत कोण बोलतंय जे ऐकायचंय? आणि मंगळवारी कुणीतरी ‘फक्त या वेळी’ दाबलं.

“तूच दाबलं असशील गं मावशी, चुकून.”

“मी? सबंध नोकरीत चुकून कुणाला सुई टोचली नाही मी.”

“बरं बाई. बरं.”

“पण एकदा नाही म्हटल्यावर त्याने परत विचारलंच कसं?”

“दोनदा विचारू देतो फोन. दुसऱ्यांदाही नाही म्हटलं की मग संपलं. तिसऱ्यांदा विचारायचं म्हटलं तरी अ‍ॅपला विचारता येत नाही, फोनच तोंड बंद करतो त्याचं. सोमवारी मी जुनं पुसून नवीन घातलं की मात्र परत पहिल्यापासून.”

“म्हणजे माझं ‘नाही’ दर सोमवारी पुसलं जातं?”

“तसं नाही —”

“तसंच आहे!”

दोनदाच विचारायचं, हा नियम मात्र आवडला. माणसांपेक्षा फोनला रीत जास्त. ताई तर एकदाच विचारू द्यायची. लहानपणी मी तिची फ्रॉकची पिन मागायचे. नाही म्हणाली की नाही. दुसऱ्यांदा विचारलं की ती उठून चालती व्हायची. वाद नाही, आवाज नाही, खोलीच सोडायची.

भिंगरीच्या ऑफिसला खरमरीत पत्र लिहिलं. दहा तारखेला दुपारी बारापर्यंत लेखी उत्तर हवं म्हणून.

गुरुवार, ६ नोव्हेंबर

आज दिवसभर घरीच. चारला स्वतः वळवली, ठोक्याला. काही नाही.

शुक्रवार, ७ नोव्हेंबर

पेन्शनच्या कामाला गेले होते, मुद्दाम लवकर परतले. किल्ली हळूच फिरवली. चोराला पकडायचं तर चोराच्याच पावलांनी जावं.

सावकाश बाहेरच्या खोलीत खुर्चीत बसल्या बसल्या झोपलेली, तोंड उघडं. दार बंदच होतं. मागचंही. पुढे होऊन ताईच्या खोलीत डोकावले.

पडद्यावर माझं वाक्य उभं होतं. ‘ऐकू?’

नुसतं उभं. दारात कुणी येऊन थांबावं तसं. घरात तिसरं माणूस नाही, आणि प्रश्न ताजा. मी दाराआड उभी राहून वाट पाहिली. पंखा फिरत होता. चादरीचा कोपरा हलत होता, तो वाऱ्याने. कुणी आलं नाही. पण मला सारखं वाटत राहिलं की त्या खोलीत मीच उशिरा आलेय. काहीतरी चाललं होतं आणि मी आल्यामुळे थांबलंय.

शेवटी आत गेले. ताईचा हात परत कडेला घसरला होता, जवळजवळ स्टँडला टेकलेला. उचलून पोटावर ठेवला. आणि फोनवर ‘नाही’ दाबलं. दुसरं ‘नाही’! आता सोमवारपर्यंत त्याचं तोंड बंद.

सावकाशला उठवलं. “चारची कूस कुणी बदलायची? पाठ सोलली तर तुझी लावू का तिला?”

“पाचच मिनिटं डोळा लागला हो.”

“पाच मिनिटांत माणूस मरतं.”

“त्यांचं काय व्हायचंय आता,” म्हणाली. वर माझ्याकडे बघून, “तसं नव्हतं म्हणायचं.” तसंच होतं म्हणायचं. कामावरून काढणार होते. पण दुसरी कुठून आणू? पदरी पडलं पवित्र झालं.

शनिवार, ८ नोव्हेंबर

अडीचला डॉक्टर आले. नाकातली नळी फार दिवस झाली, आता पोटाला छोटं भोक पाडून नळी थेट जठरात घालू म्हणतात. मग अन्नाची चिंता नाही. “अशा केसेस वर्षानुवर्षं राहतात,” असं उत्साहाने म्हणाले. पलंगाच्या पायथ्याशी उभं राहून, ताईच्या अंगावरून माझ्याशी बोलत.

मी म्हटलं, “बाहेर बोलू.”

“इथे काय, त्यांना कुठे कळतंय!”

“मला कळतंय. बाहेर चला.”

बाहेर म्हणाले की नळी नको असेल तर तेही सांगा. नाकातली काढायची, त्रास होऊ द्यायचा नाही, काही दिवसांचा प्रश्न. पण तुम्ही हो म्हणालच, तुम्ही त्यातल्या. रुग्णाच्या वतीने सही. पुढच्या शुक्रवारी संध्याकाळी पाचच्या आत, सोमवारचं ऑपरेशनचं टेबल मिळतंय. भिंगरीला फोन केला तर ती म्हणाली, “मावशी, तूच ठरव, मला आईच्या बाबतीत डोकंच चालत नाही.” ठरवलंय. ‘हो’च. दुसरं काय ठरवणार?

ताईला वळवताना सांगायला गेले आणि सांगितलं नाही. नुसतं “कुशीवर वळवते हं” एवढंच.

या गडबडीत आज माझ्याकडूनच चारची कूस पावणेपाचला झाली. आणि फोनकडे पाहिलं तर पडद्यावर वेगळंच वाक्य. तेही माझंच, दोनदा नकार मिळाल्यावर दाखवायचं: ‘आता मला विचारता येत नाही. ऐकावं असं वाटत असेल, तर घरातल्या कुणाला तरी सांगा.’

माझ्याच हाताने लिहिलेलं वाक्य माझ्यावर रोखलेलं. हे वाक्य आपोआप येत नाही. कुणीतरी परत ‘बोला’ दाबलं होतं.

रविवार, ९ नोव्हेंबर

दोनला वळवली, चारला वळवली, सहाला वळवली. काही नाही. घर इतकं गप्प की फ्रिजची घरघर थांबली तरी दचकायला होतं. ताईच्या खोलीत मी हल्ली दारावर टकटक करून जाते. कुणासाठी, कोण जाणे.

सोमवार, १० नोव्हेंबर

उत्तर आलं. बाराच्या आत, लेखी. नाकाने कांदे सोलणारं असेल असं वाटलं होतं, पण भिंगरीच्या साहेबाने सरळ लिहिलंय:

‘आपण शिकवल्याप्रमाणेच आमचं अ‍ॅप आपणहून काहीही मागत नाही. कुणी “बोला” दाबल्याशिवाय प्रश्न पडद्यावर येऊच शकत नाही. दिनांक ४, ७ आणि ८ रोजी ते बटण दाबलं गेलं. तेव्हा ऐकण्याची इच्छा आमची नव्हती. बोलण्याची कुणाची होती, हे कृपया आपण घरात पाहावं.’

तीनदा वाचलं. आठवडाभर मी ‘कोण ऐकतंय’ म्हणून आरडाओरडा करत होते. प्रश्न उलटा होता.

सावकाश? तिला बोलायला फोन लागत नाही, ती अखंड बोलते. मी? नाही. मी झोपेत चालत नाही, आणि चालले तरी दुपारी चारला नाही.

उरलं कोण?

ताईची खोली आज मी पुसली नाही. वळवायची वेळ झाली म्हणून आत गेले तेवढंच. तिचे डोळे उघडे होते. नेहमीच असतात.

मंगळवार, ११ नोव्हेंबर

सकाळी भिंगरीचा फोन. आवाज चिरका.

“मावशी, चार तारखेचं टिपलेलं माझ्याकडे आलं होतं. मी तेव्हा जरासं ऐकून सोडलं, नुसता पंखा होता. तुझ्या पत्रानंतर काल पूर्ण ऐकलं. तू बसली आहेस ना?”

“बसलेली नाही. लाव.”

पंखा. पंख्याखाली श्वास, नळी लावलेल्या माणसाचा, मला पाठ आहे तो. लांबून सावकाशचं गच्चीवरचं गाणं. बराच वेळ तेवढंच. मग श्वास थांबला. धरून ठेवल्यासारखा. मी कानाशी फोन धरून मनात मोजायला लागले, सवयीने. आणि —

“हं.”

एवढंच. मग माझ्या चपला, आणि माझं “कोण आहे?”

“ऐकलंस?” भिंगरी रडत होती. “आई फोन उचलायची तेव्हा —”

मला सांगायला नको. जग हॅलो म्हणायचं, ताई “हं” म्हणायची. म्हणून थांबायची. जसं काही बोलायचं काम समोरच्याचं, आपण ऐकायला आहोत.

“घशात कफ असतो,” मी म्हटलं. “असे आवाज येतात. मी शेकडो ऐकलेत.”

“मावशी.”

“परत लाव.”

बुधवार, १२ नोव्हेंबर

सावकाशला सुट्टी दिली. “का हो, काढताय का मला?” “नाही, विश्रांती घे, दमली असशील झोपून झोपून.”

दोन वाजता ताईला उताणी केलं. हात पोटावरून काढून बाजूला ठेवला, दर वेळी ठेवतो तसा. खुर्ची पायथ्याशी ओढली. ठरवलं की चार वाजले तरी हात लावायचा नाही.

अर्धा तास काहीच नाही. नजर हातावर खिळवली, काही नाही. डोळ्यांत पाणी आलं, पुसलं. परत पाहिलं, काही नाही. पण चादरीवर निळ्या रेघा आहेत. मघाशी अंगठा एका रेघेवर होता. आता पलीकडे होता.

घड्याळाचा तासकाटा हलताना कुणी पाहिलाय? तो हलत नाही. नुसता दुसरीकडे असतो. ताईचा हात तसा जात होता. पाहावं तेव्हा थांबलेला, आणि तरी प्रत्येक वेळी पुढे. तीन वाजून गेले. मी पायथ्याशी बसून राहिले आणि मला माझ्या सख्ख्या बहिणीच्या हाताची भीती वाटली, हे लिहून ठेवते. तिचा चेहरा कोरा, डोळे छताकडे. आणि खाली तो हात, कुणाला न कळेल अशा बेताने, आपल्या वाटेने निघालेला.

चार वाजले. मी उठले नाही. चारनंतर अंगठा स्टँडच्या उतारावर चढला. मग खिडकी उघडल्यासारखा पडद्यावर उजेड बदलला. ‘ऐकू?’

मी श्वाससुद्धा आवाज न करता घेत होते. करंगळी वाकडी होत होत मधल्या ओळीवर आली. ‘फक्त या वेळी.’ मधली. ताईच ती! जन्मभर वाढणाऱ्याच्या हातावर हात ठेवून ‘पुरे’ म्हणणारी.

हिरवा ठिपका लागला.

मी म्हटलं, “बोल ताई.”

पंखा. श्वास. धरलेला श्वास.

“हं.”

आम्ही सगळ्यांनी तपासली होती तिला. ‘बोट हलवा’ म्हणायचं, मनात दहा मोजायचे, नाही म्हणून लिहायचं, पुढचा पलंग. मीही तशीच तपासली. आणि मग दर दोन तासांनी, वक्तशीर, चुकू न देता, सांगून-सवरून तो हात उचलून मी परत पहिल्या जागी ठेवत आले. सावकाश आळशी नसती तर तो कधीच पोचला नसता. माझ्या घड्याळाने तिला गप्प बसवलं होतं. आणि शुक्रवारी तर पोचली होती! पडद्यावर प्रश्न उभा होता आणि मी पुढे होऊन तिच्या वतीने ‘नाही’ दाबलं.

शनिवारी डॉक्टर तिच्या अंगावरून जे बोलले ते तिने ऐकलं आहे. त्यानंतर लगेच ती ‘बोला’कडे निघाली होती.

संध्याकाळी भिंगरीला सगळं सांगितलं. ती हसली, रडली, मग मी म्हटलं, “आता एक नवा प्रश्न घाल त्यात. कारण मी लिहून देते. नळी घालू का?”



“मावशी, आणि ती नाही म्हणाली तर?”

“तर नाही.”

“मग विचारूच नको ना! तू हो ठरवलंस ना? कर सही. मी आत्ता तिला परत मिळवलीय गं.”

“विचारल्याशिवाय तिच्या अंगाला मी हात लावणार नाही. आपणच लिहिलंय ना ते अ‍ॅपात?”

“ते फोनसाठी होतं!”

तिने फोन आपटला. तासाभराने परत आला. “दोनच बटणं ठेवते. ‘फक्त या वेळी’ यात बसत नाही.”

गुरुवार, १३ नोव्हेंबर

दोन वाजता खुर्ची उशाशी घेतली आणि वाचून दाखवलं. पडद्यावरही तेच:

‘ताई, तुझ्या पोटाला लहानसं भोक पाडून नळी घालायची म्हणतात, कारण नाकातली फार दिवस ठेवता येत नाही. घातली तर तू अशीच पुष्कळ दिवस राहशील. नाही घातली तर थोडे दिवस. दोन्हीकडे दुखू देणार नाही. घालू?’

भिंगरी फोनवर ऐकत होती.

चार वाजून गेल्यावर अंगठा टेकला. ‘नाही’.

भिंगरी आणि मी एकदमच बोललो. ‘नाही’ हाताच्या जवळ होतं! ‘हो’ पलीकडे. दमलेला हात जवळ जे सापडेल तिथे टेकणार. याने काही सिद्ध होत नाही. वॉर्डवर कुणी अशी चाचणी दाखवली असती तर मी कागद फाडला असता.

“जागा बदलते,” भिंगरी म्हणाली. “‘हो’ जवळ. ‘नाही’ पार वरच्या टोकाला. उद्या परत विचार.”

“एकदाच विचारायचं शिल्लक आहे.”

“माझ्या प्रश्नाला फोनचा नियम लागू नाही, मावशी. मी पाहिजे तितक्यांदा विचारू देईन.”

“मी नाही देणार. दोनदाच.”

रात्री ताईचे केस विंचरले, सांगून. म्हटलं, उद्या दुसऱ्यांदा विचारणार आहे, रागावू नकोस. उठून जाऊ नकोस.

शुक्रवार, १४ नोव्हेंबर

दोन वाजता उताणी केली. कारण परत वाचलं, शब्दन् शब्द. हात बाजूला ठेवला आणि माझे स्वतःचे हात मांडीखाली दाबून बसले.

साडेतीनला ‘हो’च्या कडेशी. तिथे थांबला. रेघा नाहीत पडद्यावर, पण थांबला हे नक्की. भिंगरी फोनवरून सारखी, “कुठे आहे? कुठे आहे गं?” मी म्हटलं, “दारात आहे.”

चार वाजले. वळवायची वेळ. टाचेखाली हात घालून पाहिलं, लाली आलीय. सबंध नोकरीत मी ठरलेली कूस जाणूनबुजून चुकवली नव्हती, या आठवड्यापर्यंत. “ताई, वळवत नाही आहे. तुझं होऊ दे.”

साडेचारला भिंगरीला थांबवून डॉक्टरांचा फोन घेतला. “सही झाली का? मला टेबल सांगायचंय.”

“थांबा. रुग्ण उत्तर देते आहे.”

“कोण?”

“रुग्ण.”

“बाई, तुमची तब्येत बरी आहे ना?”

ठेवला फोन. वळून पाहिलं तर अंगठा ‘हो’च्या मधोमध होता. उचललेला नाही; बोट उचललं तरच फोन उत्तर धरतो. बटणावर मावळत्या उजेडासारखी बोटाची सावली. पंखा मी बंद केला, चादर हलायला नको. मग खोलीत इतकं शांत झालं की तिचं नख काचेवर घासतंय ते ऐकू आलं. बारीक. भिंतीच्या पलीकडे कुणी ओरखडत यावं तसं. पुढे. पुढे.

शुक्रवार, संध्याकाळी साडेसहा

नाही.

वळवली. सांगून. भिंगरी रात्रीच्या गाडीने निघाली आहे.

डॉक्टरांना पाठवलं: ‘रुग्णाला कारण सांगून दोनदा विचारलं. रुग्णाने स्वतः, दोन्ही वेळा, नकार दिला आहे. आता विचारता येणार नाही. तुम्हालाही नाही, मलाही नाही. मी सही केलेली नाही. ज्यांना शंका असेल त्यांनी उद्या दोन वाजता येऊन पायथ्याशी बसावं आणि कुणीही तिचा हात उचलू नये. नकाराची नोंद रुग्णाच्या कागदांत, “नातेवाइकाचा” नव्हे, “रुग्णाचा” अशी केल्याचं लेखी उत्तर मला उद्या, शनिवारी, दुपारी बाराच्या आत मिळालं पाहिजे.’